‘लाईट’ : एका शब्दाचे कूळ आणि लिंग

शब्दांच्या उसनवारीचा विषय निघाला की अभ्यासपुस्तकांत बहुधा प्रतिष्ठित शब्दांची उदाहरणे दिली जातात. न्यायालय, राज्यकारभार, विज्ञान आणि शिक्षण या क्षेत्रांतील फारसी, अरबी, पोर्तुगीज आणि इंग्रजी शब्दांच्या याद्या विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. या याद्यांत सहसा न सापडणारा आणि तरीही प्रत्येक मराठी घरात दिवसातून दहा वेळा उच्चारला जाणारा एक शब्द म्हणजे ‘लाईट’. ‘लाईट गेली’, ‘लाईट लाव’, ‘लाईटबिल भरायचे आहे’ ही वाक्ये इंग्रजीचे एक अक्षरही न शिकलेली माणसे सहज बोलतात. मात्र तेच वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले, तर शब्दाखाली लाल रेघ येते आणि समासात ‘वीज’ किंवा ‘दिवा’ असे लिहिले जाते. ही लाल रेघ शास्त्राला धरून नाही, असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगण्यासाठी या शब्दाचा बार्शीमार्गे झालेला प्रवास पाहणे सोयीचे आहे, कारण बार्शीच्या परिसरात या एका उच्चाराचे दोन शब्द एकाच काळात नांदले आणि त्या दोहोंचे मूळ वेगवेगळे आहे.

सोलापूर जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला ‘बार्शी लाईट’ हे नाव ऐकून प्रथम विजेचे दिवेच आठवतील. ती एक रेल्वे होती. बार्शी ही धान्य, कडधान्ये आणि कापूस यांची जुनी बाजारपेठ. निजामाच्या मुलखाची हद्द जवळ असल्यामुळे मराठवाड्याचा माल येथे उतरत असे. मुंबई–सोलापूर लोहमार्ग झाला तो मात्र बार्शीला टाळून. जवळचे स्थानक सुमारे 21 मैलांवर होते आणि त्याचे नावच ‘बार्शी रोड’ असे पडले होते. आजचे कुर्डुवाडी ते हेच. तेथपर्यंत माल बैलगाडीने न्यावा लागे. ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हेरली. तो 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. त्याच्या पुढाकाराने 1895 मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. पुढे तिचा एक फाटा पंढरपूरला गेला, दुसऱ्या बाजूने ती 1911 मध्ये लातूरला पोहोचली आणि 1927 मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत वाढली. एकूण लांबी 200 मैलांहून थोडी अधिक झाली.

या नावातील ‘लाईट’चा अर्थ ‘हलकी’ असा आहे. ‘लाईट रेल्वे’ ही इंग्लंडमधील एक कायदेशीर संज्ञा होती. तेथील 1868 च्या रेल्वेविषयक कायद्याने अशा मार्गावर चाकांच्या एका जोडीचा भार आठ टनांपेक्षा अधिक नसावा आणि वेग ताशी 25 मैलांच्या पुढे जाऊ नये, असे बंधन घातले होते. पुढे 1896 मध्ये हलक्या लोहमार्गांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. कॅलथ्रॉपने बार्शीसाठी याहूनही कडक नियम घालून घेतला. एंजिन असो, डबा असो वा मालवाघीण असो, एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही. त्यामुळे वारभर लांबीला तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरले आणि खर्च आटोक्यात राहिला. दोन रुळांमधील अंतर अडीच फूट ठेवले. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या एंजिनांना एकमेकांशी जोडलेली आठ चाके होती, ती भार विभागून जावा म्हणूनच. तेव्हा गाडीचे हलकेपण हे त्या योजनेचे सूत्र होते आणि नावात ते अचूक नोंदले गेले होते.

लोकांनी या नावाचे काय केले, ते भाषेच्या अभ्यासकाने पाहावे. ‘बार्शी लाईट रेल्वे’ यातील ‘रेल्वे’ गळाली आणि ‘बार्शी लाईट’ उरली. विशेष्य लोपले, विशेषण नाम झाले आणि त्या नामाला लिंगही लाभले. ‘बार्शी लाईट आली’, ‘बार्शी लाईट सुटली’. हे स्त्रीलिंग इंग्रजीतून आलेले नाही, कारण इंग्रजी नामांना अशा प्रकारचे व्याकरणिक लिंग नसते. मागे उभ्या असलेल्या ‘गाडी’ या शब्दाने ते दिले.

आता दुसऱ्या ‘लाईट’कडे वळू. ‘इलेक्ट्रिक लाईट’ म्हणजे विजेचा दिवा. येथेही शब्दाचा एक भाग गळाला. या वेळी पुढचा गळाला आणि मागचा राहिला. म्हणजे रेल्वेच्या नावात विशेषण उरले आणि दिव्याच्या नावात विशेष्य. लोकांच्या तोंडी मात्र दोन्हीकडे शिल्लक राहिला तो एकच उच्चार. बार्शीच्या बाजारात ‘लाईटने आलो’ आणि ‘लाईट आली’ ही वाक्ये शेजारी शेजारी उभी राहू शकली ती यामुळे. प्रसंगावरून अर्थ कळत असल्याने कोणाचा घोटाळा झाला नाही. घोटाळा व्हायचा तो व्युत्पत्ती सांगू पाहणाऱ्याचा. ज्याने ती गाडी पाहिली नाही, असा आजचा विद्यार्थी ‘एंजिनाला मोठा दिवा असे म्हणून बार्शी लाईट’ असे स्पष्टीकरण देऊन मोकळा होईल. लोकव्युत्पत्ती जन्माला येते ती अशीच. शब्दाचा मूळ संदर्भ नाहीसा होतो आणि कानाला ओळखीचा वाटणारा अर्थ त्या रिकाम्या जागी येऊन बसतो.

हे दोन्ही शब्द इंग्रजीत आज एकाच अक्षरांनी लिहिले जातात, पण त्यांची कुळे भिन्न आहेत. त्यांच्या लेखनात आता न उच्चारली जाणारी दोन अक्षरे आहेत. ती एकेकाळी घशातून उच्चारल्या जाणाऱ्या ‘ख’सदृश ध्वनीची होती. तो ध्वनी इंग्रजीतून गेला, लेखनात त्याची खूण राहिली. इंग्रजीची नातलग असलेल्या जर्मन भाषेत तो टिकला आहे आणि तेथे हे दोन शब्द वेगळेही राहिले आहेत. प्रकाशाला ‘लिख्ट’ आणि हलक्याला ‘लाइख्ट’. इंग्रजीत ध्वनिपरिवर्तनाच्या ओघात ते एकमेकांवर येऊन पडले. अशा शब्दांची पूर्वी झालेली ताटातूट किंवा भेट ओळखण्याचा मार्ग म्हणजे सगोत्र भाषांतील रूपे शेजारी मांडून पाहणे. तौलनिक व्याकरणाची ही पद्धत आपल्याला संस्कृतमुळे विशेष जवळची आहे.

हलकेपणाचा ‘लाईट’ हा संस्कृत ‘लघु’चा भाऊबंद. लॅटिनमधील ‘लेविस’ हाही त्याच घरातला. ‘लघु’चे जुने वैदिक रूप ‘रघु’ असे आढळते आणि तेथे त्याचा अर्थ ‘वेगवान, चपळ’ असा आहे. जे हलके ते चपळ, असा हा अर्थविस्तार असावा. कालिदासानेही दिलीपाच्या पुत्राला ‘रघु’ हे नाव का दिले, हे सांगताना गतीचा अर्थ असलेल्या धातूकडे बोट दाखवले आहे. आपल्याकडे मात्र या शब्दाने उलटी वाट धरली. ‘लघु’चे प्राकृतात ‘लहु’ झाले. ‘लघुक’पासून प्राकृतात ‘लहुअ’ आणि ‘हलुअ’ अशी दोन रूपे आली आणि हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात त्यांची नोंद केली आहे. ‘ल’ आणि ‘ह’ यांनी जागा बदलल्या. ‘नुकसान’चे ‘नुसकान’ किंवा ‘डेस्क’चे ‘डेक्स’ होते तोच हा वर्णविपर्यय. मराठी ‘हलका’ आणि ‘हळू’ हे याच वाटेने आलेले आहेत. जे वजनाने कमी ते अलगद चालते आणि जे अलगद चालते ते सावकाश जाते. म्हणून एकाच मुळाचा एक वंशज ‘चपळ’ झाला आणि दुसरा ‘संथ’.

बार्शी लाईटच्या संथपणाच्या गोष्टी या भागात पुष्कळ सांगितल्या जात. चालत्या गाडीतून उतरावे, रुळाशेजारी काम उरकावे आणि पुन्हा त्याच डब्यात चढावे, ही त्यांतील नेहमीची. ती खरी की रचलेली, याला महत्त्व नाही. विनोद करणाऱ्याने गाडीला ‘हळू’ म्हटले, तेव्हा त्याने नकळत तिच्या इंग्रजी नावाचे मराठी भावंडच उच्चारले होते. गाडीतून ‘उतरणे’ यासाठी इंग्रजी रेल्वेच्या पाट्यांवर जे क्रियापद असते, तेही या ‘हलका’ अर्थाच्या शब्दापासूनच बनलेले आहे. स्वार घोड्यावरून उतरला की घोड्याचा भार हलका होतो, ही त्यामागची कल्पना. प्राण्यांच्या फुप्फुसांना इंग्रजीत याच शब्दाचे अनेकवचन वापरले जाते, कारण ती वजनाला हलकी असतात. आणि कॅलथ्रॉप? ज्या माणसाने हलक्या रेल्वेत आयुष्याची उमेद घालवली, त्याने पुढे विमानातून माणसाला सुखरूप खाली उतरवणारी हवाई छत्री तयार करण्याचा ध्यास घेतला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याची छत्री वापरातही आली. हा तपशील विषयाला थोडा सोडून आहे, पण गाळवत नाही.

प्रकाशाच्या ‘लाईट’चे गोत्र याहून वेगळे. लॅटिनमधील ‘लुक्स’ आणि संस्कृतमधील ‘रुच्’ हे त्याचे नातलग. ‘रुच्’ म्हणजे चमकणे. जे चमकते ते डोळ्यांत भरते, डोळ्यांत भरते ते आवडते. त्यामुळे ‘रुची’ आणि मराठी ‘रुचणे’ हे शब्द प्रकाशातून चवीपर्यंत आले. याच धातूपासून ‘रुक्म’ म्हणजे झळाळणारे सोने, आणि ‘रुक्म’पासून ‘रुक्मिणी’. आषाढीला कुर्डुवाडीहून बार्शी लाईटच्या डब्यांत दाटीवाटीने बसून पंढरपूरला जाणारा वारकरी रखुमाईच्या दर्शनाला जात होता. त्याच्या गाडीच्या नावाचे नाते ‘रघु’शी होते. त्या नावाशी उच्चाराने सारख्या असलेल्या दिव्याच्या नावाचे नाते ‘रुक्मिणी’शी होते. येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. ‘रघु’वरून इंग्रजी शब्द निघाला किंवा ‘रुच्’वरून निघाला, असे कोणी लिहू नये. हे शब्द एका पूर्वजाचे दूरदूर पांगलेले वंशज आहेत. संस्कृतपासून जगातील सर्व शब्द काढून दाखवण्याचा मोह आपल्याकडे वारंवार होतो आणि त्याने व्युत्पत्तिशास्त्राची हानी होते.

मात्र कूळ चांगले निघाले म्हणून शब्द मराठी ठरतो, असे माझे म्हणणे मुळीच नाही. शब्दाचे नागरिकत्व त्याच्या जन्मावरून ठरत नाही, तो येथे कसा वागतो यावरून ठरते. ‘लाईट’ कसा वागतो?

पहिली साक्ष लिंगाची. परभाषेतून आलेल्या शब्दाचे लिंग त्याच अर्थाच्या मराठी शब्दावरून ठरवावे, असा नियम शालेय व्याकरणांत दिलेला असतो. ‘बूट’ पुल्लिंगी, कारण ‘जोडा’. ‘पेन्सिल’ स्त्रीलिंगी, कारण ‘लेखणी’. ‘बुक’ नपुंसकलिंगी, कारण ‘पुस्तक’. हा नियम ‘लाईट’ला लावा. शब्दकोश उघडला तर अर्थ मिळतो ‘दिवा’ किंवा ‘प्रकाश’ आणि दोन्ही पुल्लिंगी आहेत. मग लोकांनी ‘लाईट गेला’ म्हणायला हवे होते. सर्वसाधारण बोली मात्र ‘लाईट गेली’ असे म्हणते. लिंग सांगते की बोलणाऱ्याच्या मनात मागे उभा असलेला शब्द ‘दिवा’ नव्हता. तो ‘वीज’ होता, किंवा ‘बत्ती’ होता. म्हणजे हा शब्द मराठीत येताना अर्थ बदलून आला, याची नोंद कोशाने केली नसली तरी व्याकरणाने करून ठेवली आहे. ‘बार्शी लाईट’ आणि ‘घरची लाईट’ दोन्ही स्त्रीलिंगी, पण एकीला ते ‘गाडी’ने दिले आणि दुसरीला ‘विजे’ने. उच्चार एक, लिंग एक आणि लिंगाची कारणे दोन. लिंगविचारावरील प्रकरणात देण्याजोगे इतके सुबक उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

दुसरी साक्ष रूपांची. ‘सगळ्या लाइटी लागल्या’, ‘लाइटीचा खांब’, ‘लाइटीच्या उजेडात’ ही रूपे खेड्यापाड्यांत सर्रास ऐकू येतात. ‘भिंत–भिंती’ किंवा ‘खीर–खिरी’ या चालीवरच ती झालेली आहेत. लेखनाचीही तीच कथा. अनेक सुशिक्षित लोक मूळ उच्चाराशी इमान राखून ‘लाइट’ असे ऱ्हस्व लिहितात. सामान्य मराठी लेखक ‘लाईट’ असे दीर्घ लिहितो, कारण अकारान्त मराठी शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ असतो, हे वळण त्याच्या हाताला आहे. ‘तिकीट’ लिहितो तसे तो ‘लाईट’ लिहितो, आणि ‘तिकिटाचे’ करतो तसे ‘लाइटीचे’ करतो. व्याकरण न शिकलेल्या माणसाने परक्या शब्दावर मराठी व्याकरणाचा इतका काटेकोर अंमल बसवावा, ही कौतुकाची गोष्ट आहे. त्याऐवजी त्याच्या वहीत लाल रेघ येते.

तिसरी साक्ष अर्थाची, आणि ती मला सर्वांत वजनदार वाटते. शेतकरी म्हणतो, “आठवडाभर लाईट रात्रीची आहे.” याचा अर्थ असा की विहिरीवरच्या पंपाला होणारा पुरवठा या आठवड्यात रात्री आहे, तेव्हा ज्वारीला किंवा हरभऱ्याला पाणी द्यायचे तर रात्री उठून अंधारातून शेतात जावे लागणार. या वाक्यात ‘लाईट’ आहे, पण उजेड कोठेही नाही. उलट हे वाक्य अंधाराचे आहे. साप, विंचू आणि थंडी यांच्या भयाचे आहे. ‘लाईटवर चालणारी मोटार’, ‘थ्री फेज लाईट’, ‘लाईटचा शॉक’ या प्रयोगांत त्या शब्दाचा अर्थ ‘विद्युतशक्ती’ असा आहे. इंग्रजी बोलणारा माणूस पंप ‘लाईट’वर चालतो, असे कधीही म्हणणार नाही. हा अर्थ मराठी बोलणाऱ्यांनी, आणि त्यांच्यासारख्या इतर भारतीय भाषिकांनी, आपल्या अनुभवातून घडवला आहे. गावात वीज आली ती पहिल्यांदा दिव्याच्या रूपाने दिसली. दिसला त्या वस्तूचे नाव न दिसणाऱ्या शक्तीला मिळाले. अलंकारशास्त्राच्या भाषेत ही लक्षणा आहे. ज्या शब्दाला मूळ भाषेत नसलेला अर्थ येथे मिळाला, त्याला ‘इंग्रजी शब्द’ म्हणून कसे परत पाठवणार? पाठवला तर तो तिकडे कोणाला कळणारही नाही.

यावर आक्षेप असा येतो की ‘वीज’ हा आपला शब्द असताना दुसऱ्याची गरज काय. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर बोलीतच आहे. ‘वीज’ हा मूळचा आकाशातला शब्द. ‘विद्युत्’पासून आलेला. बार्शीकडच्या बोलीत त्याचे ‘ईज’ असेही रूप ऐकू येते. ‘ईज पडली’ म्हणजे माणूस गेला, बैल गेला किंवा झाड जळाले. वळवाच्या पावसात बाळाघाटाच्या बाजूने आभाळ गरजू लागले की या शब्दाचा धाक अजूनही कमी झालेला नाही. तारेतून येणाऱ्या नव्या सेवकाला हे भयाचे नाव द्यावे, असे लोकांना वाटले नसावे, असा माझा तर्क आहे. निदान व्यवहारात तरी वाटणी स्वच्छ झाली. पडते ती वीज, जाते ती लाईट. वर्तमानपत्रे आणि कार्यालये ‘वीजपुरवठा खंडित’ असे लिहितात. 1960 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे 2005 मध्ये विभाजन होऊन ‘महावितरण’ आली, आणि तिच्या कागदावर ‘वीज देयक’ असते. तो कागद हातात घेऊन घरातली माणसे ‘लाईटबिल आले’ म्हणतात. दोन शब्दांनी दोन क्षेत्रे वाटून घेतली, तर भाषा श्रीमंत होते. एकाने दुसऱ्याला मारले असते, तर तक्रारीला जागा होती.

भाषाशुद्धीच्या चळवळींनी मराठीला बरेच दिले आहे, हे मान्य करायला हवे. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. सावरकरांनी दिलेले ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ हे शब्द आज कोणाला नवे वाटत नाहीत. पण यशस्वी झालेले शब्द कोणते, ते नीट पाहा. ते पदांचे, संस्थांचे आणि व्यवसायांचे आहेत. फलकावर लिहिले की रुळतात. घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंची नावे फलकावर लिहिली जात नाहीत, ती तोंडातून तोंडात जातात. तेथे आज्ञा चालत नाही. ‘दूरध्वनी’ पत्राच्या मथळ्यावर राहिला आणि हातात ‘फोन’ राहिला, हे त्याचेच उदाहरण.

शुद्धतेचा आग्रह धरणारे कधीकधी जुन्या दिव्यांची आठवण काढतात. समई, पणती, कंदील, चिमणी यांच्या उजेडात वाढलेल्या पिढीला ‘लाईट’ उपरी वाटते. त्यांनी या यादीकडेच पुन्हा पाहावे. ‘कंदील’ अरबी-फारसीतून आला आणि त्याच्याही मागे गेले तर लॅटिनमधील मेणबत्तीचा शब्द भेटतो. रॉकेलवर जळणारी ‘चिमणी’ ही पाखराच्या नावाची वाटते, पण ती इंग्रजीतील धुराड्याच्या शब्दापासून आली आहे. गिरणीची चिमणी आणि घरातली चिमणी एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. त्या शब्दाला मराठी पाखराचे रूप इतके बेमालूम मिळाले की त्याखाली लाल रेघ ओढण्याचे कोणाला सुचले नाही. आणि ती ज्या ‘रॉकेल’वर जळे ते तरी कोठले? तेव्हा ‘लाईट’ परकी आणि ‘चिमणी’ आपली, या विधानात शास्त्र नाही, सवय आहे. आपण आधी शिकलो तो शब्द आपला वाटतो.

एक तोटा मात्र खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दिव्याबरोबर क्रियापदे होती. दिवा लावावा, उजळावा, तेवत ठेवावा, वात सारावी, आणि ‘विझव’ असे न म्हणता ‘मालव’ म्हणावे. तिन्हीसांजेला ‘दिवेलागण’ म्हणावे. ‘लाईट’ला दोनच क्रियापदे पुरतात : लाव आणि बंद कर. तिसरे ‘गेली’, पण ते आपल्या हातातले नाही. या क्रियापदांबरोबर वेळेचे, हाताच्या हालचालीचे आणि मनातील आदराचे काही बारकावे मागे पडले. पण ते शब्दाने घालवले, असे म्हणता येत नाही. बटणाने घालवले. ‘वीजदिवा’ असा शुद्ध शब्द रूढ झाला असता, तरी तो कोणी ‘मालवला’ नसता. अभ्यासकाने हळहळ आणि कारणमीमांसा वेगळ्या ठेवाव्यात.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. ‘इलेक्ट्रिसिटी फेल झाली’ असे लिहिणाऱ्याला अवश्य टोकावे, कारण तेथे मराठीचे काम इंग्रजीवर ढकललेले आहे. ज्या शब्दाला मराठीने लिंग, वचन, सामान्यरूप आणि स्वतःचा अर्थ दिला, तो इंग्रजी न येणारी माणसे वापरतात, आणि त्याच्या जवळचा जुना शब्दही स्वतःच्या जागी सुखाने नांदत आहे, तो मराठी म्हणून कोशात यावा. नोंदीत लिंग द्यावे. ‘दिवा’, ‘विद्युतशक्ती’ आणि ‘वीजपुरवठा’ हे अर्थ वेगळे दाखवावेत. ‘लाईट जेवण’ किंवा ‘लाईट घे’ यांतील ‘हलका’ अर्थाचा ‘लाईट’ स्वतंत्र नोंद म्हणून द्यावा, कारण त्याचे कूळ दुसरे आहे. ‘लाईट रंग’ यातील ‘फिकट’ हा अर्थ मात्र प्रकाशाच्या बाजूचा आहे, तो पहिल्या नोंदीत जावा. ‘बार्शी लाईट’चीही नोंद हवी. रेल्वे गेली की तिचे नाव जाणणारी माणसेही कमी होत जातात, आणि मग एंजिनाच्या मोठ्या दिव्याची कथा खरी ठरते.

या प्रश्नाला एक सामाजिक बाजूही आहे. मुक्त शिक्षणाच्या मार्गाने मराठीची पदवी घेणारे अनेक विद्यार्थी दिवसा काम करून, शेती सांभाळून किंवा घर चालवून लिहितात. रात्रीच्या पाण्याविषयी त्यांच्यापैकी एखाद्याने निबंध लिहिला, तर त्याच्या हातून ‘लाईट’ हाच शब्द उतरेल, कारण तो अनुभव याच शब्दात घडलेला आहे. तेथे ‘विद्युतपुरवठा’ घातला की निबंध कार्यालयाचा होतो आणि लिहिणारा त्यातून बाहेर पडतो. पुढच्या खेपेस तो त्या विषयावर लिहीतच नाही. मला याची चिंता ‘लाईट’ या शब्दापेक्षा अधिक वाटते.

बार्शी लाईट कंपनीची मालकी 1954 मध्ये सरकारकडे आली आणि ती मध्य रेल्वेत मिळाली. अडीच फुटी मार्ग आणखी काही दशके टिकला. कुर्डुवाडी–बार्शी भागात 2008 च्या सुमारास रुंद मार्ग आला आणि हलके रूळ उखडले गेले. फेब्रुवारी 2023 मध्ये औसा रोड ते लातूर रोड हा शेवटचा टप्पा पुरा होऊन मध्य रेल्वेच्या सर्व रुंद मार्गांचे विद्युतीकरण झाल्याचे जाहीर झाले. बार्शीवरून जाणारी गाडी आता पुरती वजनदार आहे आणि ती कशावर चालते असे गावात कोणाला विचारले, तर उत्तर येते, “लाईटवर.”